दोन हात काळा रंग

मी तेहतीस वर्षं आयटीआयमध्ये मुलांना वीज शिकवली. आधी दौंडला, नंतर शिरूरला. निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या भाषणात एक सहकारी म्हणाले, "सरांना वीज लांबून ओळखते." सभागृहात टाळ्या पडल्या आणि मी ते वाक्य खरं मानून घरी आलो. पुढे जे झालं त्याला हे वाक्य बरंचसं जबाबदार आहे. उरलेल्याला सगळा मीच जबाबदार.

निवृत्तीनंतर वर्षभरात मी गाडी घेतली. परदेशी बनावटीची, काळी, लांबलचक, आत चामड्याच्या सीटा. दार लावलं की आवाजसुद्धा श्रीमंत यायचा. पुण्यातल्या एका डॉक्टरांनी ती आठ वर्षं वापरली होती. मला 'जुनी गाडी घेतली' म्हणायला जड जायचं, म्हणून मी सगळ्यांना 'डॉक्टरांची गाडी' असं सांगत सुटलो. त्यामुळे आमच्या आळीत दोन-तीन जणांची समजूत झाली की सर निवृत्तीनंतर कुठल्याशा डॉक्टरांकडे ड्रायव्हर म्हणून लागले.

बायकोनं गाडीला एक फेरी मारली, आत डोकावली आणि म्हणाली, "माणसं आपण दोन. ह्या मागल्या शिटावर काय पापड वाळत घालायचे?"

मी गाडीवर फडकं मारत राहिलो. गाडी कोणाला दाखवायची ते माझं आधीच ठरलं होतं.

दौंडला माझे साडू राहतात. रेल्वेतून निवृत्त झाले, रेल्वे कॉलनीच्या पलीकडे त्यांनी बंगला बांधला आणि दारात नवी कोरी छोटी गाडी उभी केली. त्या गाडीचं मायलेज ते मला दर फोनला सांगायचे. बंगल्याच्या वास्तुशांतीचं बोलावणं आलं तेव्हा मी आठवडाभर गाडी धूत होतो. नुसती धूत नव्हतो, बोनेट उघडून आतूनही सजवत होतो. म्हटलं, एखाद्यानं उघडून बघितलंच तर?

साडूंची गल्ली अरुंद. निम्मी गल्ली मांडवानं अडवलेली, उरलेल्या निम्म्यात खुर्च्या टाकून पाहुणे बसलेले. गाडी आत शिरली तशा सगळ्यांच्या माना वळल्या. साडू स्वतः पुढे आले आणि हात हलवत ओरडायला लागले, "येऊ द्या, येऊ द्या, आता उजवीकडं मारा!"

मी उजवीकडे मारलं. स्टेअरिंग अर्धं फिरलं आणि तिथंच थांबलं. आतून कोणीतरी ते धरून ठेवल्यासारखं. टिंग असा एक आवाज झाला आणि समोर लाल दिवा लागला. दिव्यात स्टेअरिंगचं छोटंसं चित्र आणि शेजारी उद्गारचिन्ह.

मी दोन्ही हातांनी ओढलं. मग सीटवरून थोडा उठून ओढलं. गाडीचं नाक मांडवाच्या बांबूपासून वीतभर अंतरावर, शेपूट गल्लीत, आणि मधे मी, घामाघूम. काचेवर टकटक झाली. साडू विचारत होते, "काय ओ, अडकलं का काय?"

"नाही नाही," मी काच खाली करून म्हणालो. "सिस्टिम स्वतःला चेक करतेय. मोठ्या गाड्यांना असतं तसं."

बंद करून पुन्हा सुरू केली. दिवा तसाच. शेजारून बायको शांतपणे म्हणाली, "अवो, उभ्या गाडीत कशाला झोंबताय? जरा सरकू द्या, मग वळवा. ट्रॅक्टरला काय पावर असती व्हय?"

तिचं माहेर कासुर्डीचं. लग्नाआधी ती वडिलांचा जुना ट्रॅक्टर चालवायची, ते मला ऐकून माहीत होतं. पण ऐकून माहीत असणं वेगळं आणि भर वास्तुशांतीत बघणं वेगळं. मी तिला गप्प बस म्हणालो, अजून दोनदा ओढून बघितलं, आणि शेवटी उतरलो. तिनं काठापदराची साडी खोचली, माझ्या जागेवर बसली, गाडी फूटभर मागे सोडली आणि चाकं फिरत असतानाच स्टेअरिंग वळवलं. मग फूटभर पुढे, पुन्हा थोडी मागे. चार वेळा असं करून गाडी भिंतीलगत उभी केली आणि उतरून साडीच्या निऱ्या नीट केल्या.

मांडवात टाळ्या वाजल्या. माझ्या निरोप समारंभापेक्षा जास्त. साडूंनी पहिला पेढा तिच्या हातावर ठेवला.

परत येताना मात्र मीच चालवायचा हट्ट धरला. पाटस, चौफुला, केडगाव, पारगावचा पूल, न्हावरा. एरवी हा रस्ता दीड-दोन तासांचा. त्या दिवशी उसाच्या ट्रॉल्यासुद्धा आम्हाला मागं टाकून गेल्या आणि त्यांचे ड्रायव्हर जाता जाता आत वाकून बघायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मला चहाचा कप उचलेना. केस बायकोनं विंचरून दिले.

शिरूरच्या बायपासजवळ एका ओळखीच्या मेकॅनिकचं गॅरेज आहे. मी त्याला दिवा, आवाज, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, आधी स्कॅनर लावू. गाडी काय म्हणती ती ऐकू तरी."

इथं मी थांबायला हवं होतं. त्याऐवजी मी त्याला भाषण दिलं. म्हटलं, पूर्वीची पॉवर स्टेअरिंग तेलाच्या दाबावर चालायची, ही विजेवर चालते. स्टेअरिंगच्या दांड्याला एक मोटर जोडलेली असते, आपण चाक वळवलं की ती जोर लावते. म्हणजे हा सरळ सरळ विजेचा प्रश्न आहे, आणि विजेच्या प्रश्नाला मशीन लागत नाही, डोकं लागतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला, "बरं सर."

पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथल्या मुलीनं गाडी न बघताच पूर्ण स्टेअरिंग असेंब्ली बदलावी लागेल असं सांगितलं आणि खर्चाचा आकडा सांगितला. मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. आकडा तोच होता.

तेव्हा ठरलं. मी माळ्यावरून वर्कशॉपचा खाकी ॲप्रन काढला. तो आता पोटावर बसत नव्हता, पण मागे नाडी न बांधता घातला. बॅटरीवर मीटर लावला. साडेबारा व्होल्टच्या वर. "बॅटरी ठणठणीत," मी मोठ्यानं म्हणालो, कारण शेजारचे आप्पा कंपाउंडवरून बघत होते. फ्यूज काढून बघितले, तेही चांगले.

"सर, तुमीच खोलणार व्हय?" आप्पांनी विचारलं.

"मोटरचं वाइंडिंग गेलंय," मी म्हणालो. मोटर मी अजून पाहिलीही नव्हती.

मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. त्यातला माणूस कुठल्या भाषेत बोलत होता मला आजही माहीत नाही. आवाज बंद करून मी त्याचे हात बघत गेलो. त्यानं स्टेअरिंगच्या मधली एअरबॅग काढली, मीही काढली. त्यानं चाक उपसलं, मीही उपसलं. चाक मांडीवर घेऊन बसलो तेव्हा मागे एक गोल, चपटी प्लॅस्टिकची डबी दिसली. हात लावला तर ती सहज फिरत होती. ही कशासाठी असावी ते कळावं म्हणून मी ती फिरवली. अजून फिरवली. आतून कट् असा बारीकसा आवाज आला.

मी सगळं होतं तसं परत बसवलं. निदान मला तसं वाटलं. गाडी सुरू केली तर स्टेअरिंगचा दिवा होताच, शेजारी एअरबॅगचाही लागला. हॉर्न वाजेना. गाडी सरळ उभी आणि स्टेअरिंग मात्र डावीकडे कललेलं, रुसून मान वळवल्यासारखं.

बायको पायरीवर गवार निवडत होती. म्हणाली, "आधी एकच दिवा लागत व्हता."

दोन दिवस मी गाडीकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी मेकॅनिककडे गेलो आणि खरं ते सांगितलं. तो हसला असता तर बरं झालं असतं. तो गंभीरपणे म्हणाला, "सर, आता ह्ये माझ्या आवाक्यातलं न्हाई राह्यलं. सणसवाडीला स्टेअरिंगच्या कंपनीत एक म्याडम हायेत, टेस्टिंगला. माझ्या वहिनीच्या मैत्रीण. सुट्टीच्या दिवशी येत्याल, इचारतो."

त्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास ती आली. तिशी ओलांडलेली, पंजाबी ड्रेस, पायात कंपनीचे जाड बूट, पाठीला सॅक, सॅकमध्ये स्वतःचा मीटर. "नमस्कार सर," म्हणाली. शिरूरमध्ये मला दूधवालाही सर म्हणतो, त्यामुळे त्याचं मला काही वाटलं नाही.

"या, मॅडम," मी म्हणालो आणि पंधरा मिनिटं मोटरच्या वाइंडिंगवर बोललो. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर विचारलं, "सर, बॅटरी मोजली ती गाडी बंद असताना, का चालू करून, लोडवर?"

लोडवर मोजा. तेहतीस वर्षं मी हे वाक्य फळ्यासमोर उभं राहून ओरडलो होतो. नुसतं व्होल्टेज बघून फसू नका, काम करताना किती उरतंय ते बघा, अशी माझी एक ठरलेली लय होती, पोरं तिची नक्कल करायची.

"तेच करायचं राहिलं होतं," मी म्हणालो.

तिनं बायकोला गाडीत बसवलं, गाडी सुरू करून स्टेअरिंगला जोर लावायला सांगितलं. स्वतः बोनेटखाली वाकून मीटरची एक तार बॅटरीच्या वजा टोकाला आणि दुसरी गाडीच्या पत्र्याला लावली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, एक कागद द्या ना. आकडे लिहिते." मी कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडून दिलं. ती मडगार्डवर कागद ठेवून लिहायला लागली.

मी अक्षर बघितलं आणि कागदावर आणखी वाकलो. ळ चं पोट मोठं, सातच्या आकड्याला मधून आडवी रेघ, ओळ कोऱ्या कागदावरही दोरी धरल्यासारखी सरळ. हे अक्षर मी दोन वर्षं रोज बघितलं होतं. माझं हजेरीपत्रक, माझं स्टॉक रजिस्टर, तपासणीच्या वेळचे माझे सगळे तक्ते याच अक्षरात होते. तपासणीला आलेले साहेब म्हणाले होते, रजिस्टर ठेवावं तर असं, आणि मी म्हणालो होतो, थँक्यू सर.

"तू... इलेक्ट्रिकलच्या बॅचला होतीस?"

"हो सर. बॅचमध्ये एकटीच मुलगी होते."

"मग आल्या आल्या सांगितलं का नाहीस?"

ती लिहिता लिहिता म्हणाली, "तुम्ही मॅडम म्हणत होता. म्हटलं, म्हणू द्यावं थोडा वेळ."

गाडीतून बायकोचं हसणं ऐकू आलं.

मग तिनं मला आकडे दाखवले. बॅटरीच्या वजा टोकात आणि पत्र्यात जवळजवळ शून्य दिसायला हवं होतं. स्टेअरिंगला जोर लावला की तिथंच दोन व्होल्टच्या वर खर्च होत होते. "मोटरला काही झालेलं नाही सर. तिला वीजच पुरी पडत नाही. पडली नाही की सिस्टिम स्वतःला बंद करते." ती बॅटरीशेजारच्या एका जाड तारेवर बोट ठेवून म्हणाली, "इंजिनची अर्थिंगची तार वेगळी आहे, ती चांगली आहे, म्हणून गाडी सुरू होते. ही बॉडीची. हिचा बोल्ट उघडते."

तिनं बोल्ट काढला, तार बाजूला केली आणि खालचा पत्रा नखानं खरवडला. नखावर काळं आलं.

"इथं रंग कोणी दिला?"

मी आप्पांच्या कंपाउंडकडे बघितलं. आप्पा आज नेमके नव्हते.

"ह्यांनीच," बायको गाडीतून उतरत म्हणाली. "दौंडला जायच्या आधी. तिथं गंज दिसतोय म्हणले, आन् ऑइलपेंटचे चांगले दोन हात मारले. सुकलं का बघायला मला बोट लावून बघायला लावलं."

खरं होतं. मी तार सोडवली होती, पत्रा चकाचक रंगवला होता, रंग वाळल्यावर तार त्यावरच घट्ट आवळली होती. रंगातून वीज जात नाही हे आयटीआयच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. शिकवायचो.

तिनं पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, तार बसवली. "काकू, आता फिरवा." बायकोनं एका बोटानं स्टेअरिंग फिरवलं. ते फिरलं. तिनं उगाचच चार-पाच वेळा फिरवलं, माझ्याकडे बघत.

राहिला माझा दुसरा पराक्रम. ती गोल डबी म्हणजे फितीची गुंडाळी होती. चाक फिरत असताना हॉर्नला आणि एअरबॅगला वीज पोचवणारी. जास्त फिरवली की आतली फीत तुटते. मी तोडली होती. एअरबॅग काढताना बॅटरी सोडवली नव्हती, हे मी सांगितलं तेव्हा मात्र तिचा चेहरा बदलला. "सर, ती तोंडावर फुटली असती. डोळे गेले असते." ती पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली. मी मान खाली घालून ऐकलं. बॅचमधली पोरं माझ्यासमोर उभी राहायची तसा.

चहाला बसलो तेव्हा मला राहवलं नाही. म्हणालो, "तुला मी पाना फारसा धरू दिला नाही, नाही का?"

तिनं कप खाली ठेवला. "फारसा नाही सर, कधीच नाही. मुलगी आहेस, हाताला लागेल म्हणायचात. मला रजिस्टरं द्यायचात. कंपनीत लागले तेव्हा पहिला महिना मला पाना नीट धरता येत नव्हता. लाइनवरची पोरं हसायची. तुमचा फार राग यायचा."

"आणि आता?"

"आता कधी कधी येतो," ती म्हणाली आणि बिस्कीट चहात बुडवलं.

मी चुकलो असं म्हणालो. तिनं मान हलवली, फार नाही. तिला मोठं काही ऐकायचं नव्हतं असं मला वाटलं, आणि मलाही त्याहून मोठं काही सुचत नव्हतं. बायकोनं तिला जेवूनच जा म्हणून बसवून घेतलं आणि वाढताना तिच्या ताटात दोनदा तूप सोडलं. माझ्या ताटात एकदाही नाही.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. गुंडाळी मी पुण्याहून आणून ठेवली होती. मेकॅनिक त्याचा स्कॅनर घेऊन आला. तिनं आधी बॅटरी सोडवली आणि सगळ्यांना वीस मिनिटं नुसतं बसवून ठेवलं. मग चाक काढलं, गुंडाळी बरोबर मध्यावर धरून बसवली, चाक सरळ लावलं. टॉर्च मी धरला होता. दोनदा ती म्हणाली, "सर, उजेड इकडे," आणि दोनदा मी तो तिच्या डोळ्यांवर मारला. मेकॅनिकनं स्कॅनर जोडून स्टेअरिंगचा मध्य गाडीला नव्यानं शिकवला. सगळे दिवे गेले. हॉर्न वाजला. आप्पा धावत बाहेर आले.

"चल," मी किल्ली तिच्यापुढे धरली. "पहिली फेरी तुझी."

ती मागे सरकली. "मला गाडी येत नाही सर."

"म्हणजे?"

"दिवसभर स्टेअरिंगच फिरवते. पण टेबलावरचं. रस्त्यावर कधी नाही."

मी शिकवतो म्हणालो. बायको म्हणाली, तुम्ही मागं बसा. अशा रीतीनं पुढचे काही रविवार बाजार समितीच्या मागच्या मोकळ्या मैदानात ती चालवायची, बायको शेजारी बसून सांगायची आणि मी मागच्या सीटवर असायचो. दोन्ही बाजूंना हात पसरून बसावं इतकी ती सीट मोठी आहे, हे मला तेव्हा कळलं. सूचना मी मागूनही द्यायचो. कोणी घेत नसे.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी ती एका सरळ पट्ट्यात बऱ्या वेगानं निघाली होती. आरशातून माझ्याकडे बघत तिनं विचारलं, "सर, राग नका मानू, पण एवढी गाडी तुम्ही घेतलीत कशाला?"

मी सुरक्षितता, दणकट पत्रा, लांबचा प्रवास असं काहीबाही मनात जुळवत होतो. पण माझ्या तोंडून भलतंच निघालं. "साडूंना दाखवायला."

"आणि दाखवलीत?"

"दाखवली की. ते त्या दिवशी बाहेरून उजवीकडं, डावीकडं सांगत होते आणि मी आत सीटवर उभा राहून स्टेअरिंगला लोंबकळत होतो."

तिला इतकं हसू फुटलं की तिनं करकचून ब्रेक दाबला. मी पुढच्या सीटवर आपटलो. ती स्टेअरिंगवर डोकं टेकवून हसत होती, बायको पदर तोंडाला लावून हसत होती, आणि मग मीही हसायला लागलो. बायको मागे वळून बघत म्हणाली, "झालं आसंल हसून, तर घ्या गाडी बाजूला. मागं म्हशी खोळंबल्यात."